स्टार वॉर्सची जुनी कार्डं घ्यायची तर निळ्यापासून सुरू कर

भाऊ, सगळा सेट एकदम घ्यायला कायला पळतोस, आधी निळ्या बॉर्डरची, पिक्चरचे फोटो असलेली जमवायची 66 कार्डं पूर्ण कर. 1977 ला पिक्चर आला तेव्हा टॉप्स कंपनीनं हीच पहिली काढली, मग लाल, पिवळी, हिरवी, नारिंगी, अशा पाच सिरीज मिळून 330 कार्डं न् 55 स्टिकर. पाकिटात च्युइंग गम असायचा, त्याचा डाग पडलेली लई कार्डं फिरतात म्हणून मागची बाजू बघितल्याशिवाय पैसे देऊ नको. हिरव्यातलं 207 नंबरचं, पिक्चरमधल्या सोनेरी रोबोचं म्हणजे सी-थ्रीपीओचं कार्ड फोटोत गडबड होती म्हणून नंतर दुरुस्त करून छापलं, दोन्ही मिळतात, घेताना कोणतं ते नीट विचार. अन् आपल्या परभणीच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवू नको रे, माझी वाकली तेव्हा लई जीव तुटला.