दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट घेऊ का? पगार कुठल्या खिशातला ते आधी बघ

भावा, तुझा प्रश्न वाचला. कोल्हापुरातल्या शिरोली एमआयडीसीतला सहा वर्षांचा मशीनशॉपचा जॉब सोडून जर्मनीतल्या संस्थेत टेलिस्कोपच्या स्पेक्ट्रोग्राफवर (ताऱ्यांचा प्रकाश रंगांत फोडून मोजणारं यंत्र) दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट घ्यावं का, आणि दोन वर्षांनी काय. मी पण उद्यमनगरातनंच आलोय, इथं जर्मनीत नऊ वर्षं झाली, त्यामुळं जरा लांबलचक लिहितो.

आधी पैसा कुठनं येतो ते समजून घे. चिलीतले व्हीएलटीसारखे (व्हेरी लार्ज टेलिस्कोप) मोठे टेलिस्कोप ईसो, म्हणजे युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरी ही युरोपीय देशांची संस्था चालवते, हेडऑफिस म्युनिकजवळ गार्शिंगला. टेलिस्कोपला लावायची यंत्रं ती बहुतेक वेळा स्वतः बनवत नाही, वेगवेगळ्या देशांतल्या संस्थांच्या गटाला देते. साधारण व्यवहार असा की सामानाचा बराचसा खर्च ईसोचा, माणसांचे पगार संस्थांनी आपापल्या फंडातनं भागवायचे, आणि बदल्यात गटाला टेलिस्कोप वापरायच्या रात्री मिळतात. आपल्याकडं वाट्यानं शेती करतात तसंच की, बी-खत एकाचं, राबणं दुसऱ्याचं आणि पिकात वाटा. एस्प्रेसो म्हणून स्पेक्ट्रोग्राफ आहे, २०१७ ला व्हीएलटीवर सुरू झाला, तो बनवणाऱ्या गटाला २७३ रात्री मिळाल्या. पण तो वाटा शास्त्रज्ञांचा, आपण इंजिनीअर म्हणजे सालगडी, रात्री दाखवून घरभाडं भरता येत नाही.

ईसोत थेट लागायचं म्हणशील तर तिथं सदस्य देशांच्या लोकांना आधी घेतात आणि भारत सदस्य नाही. म्हणून आपल्यासारखे असे गटातल्या संस्थेतनंच शिरतात.

आता माझी गंमत ऐक. पहिलं कॉन्ट्रॅक्ट ३१ मार्चला संपत होतं. एका सप्लायरकडनं आरशांचे माउंट पाच महिने लेट आले आणि फेब्रुवारीत आमचा क्रायोस्टॅट (यंत्र एकदम गार ठेवायची निर्वात टाकी) गळायला लागला. मी हातात हेलियमची बारीक नळी घेऊन एकेका फ्लँजवर फिरवतोय आणि डोळा लीक डिटेक्टरच्या आकड्यावर. तिसऱ्या दिवशी ओ-रिंगवर (सांधा बंद करणारी रबरी कडी) एक केस सापडला, कुणाचा ते कुणीच कबूल केलं नाही. अ‍ॅल्युमिनियम एवढ्या थंडीत मीटरला जवळपास ४ मिलिमीटर आक्रसतं, त्यामुळं सगळं परत उघडायचं, जुळवायचं, गार करायचं, दोन आठवडे गेले. कपाटात महागडे डिटेक्टर पडून आणि माझ्या एप्रिलच्या पगाराला पैसे नाहीत! सामानाचं बजेट वेगळं, माणसांचं वेगळं, इकडचं तिकडं करता येत नाही. मार्चच्या मध्यात चार महिन्यांचं एक्स्टेन्शन आलं, तोवर बायकोनं दोनदा बॅगा भरल्यावत्या.

म्हणून इंटरव्ह्यूत हे नक्की विचार, प्रोजेक्ट कुठल्या टप्प्यावर आहे. फायनल डिझाइन रिव्ह्यू (बनवायला घ्यायच्या आधीची डिझाइनची शेवटची तपासणी) व्हायचा असला तर दोन वर्षं ड्रॉइंग आणि अ‍ॅनालिसिसमध्येच जातील, तुझ्या सीएमएमच्या (पार्टची मापं घ्यायचं मशीन) हाताला काम नाही. रिव्ह्यू झालेला असला तर जोडणी आणि टेस्टिंग येतं, तिथं तुझ्यासारख्याला लय किंमत. आणि यंत्र चिलीला गेलं की टीम निम्मी होते हे धरूनच चाल.

व्हिसाचं थोडक्यात. तुझी बीई डिग्री इथं चालते का ते अनाबिनवर (परदेशी डिग्र्यांची जर्मन यादी) तपास, पगार अटीत बसत असेल तर ब्लू कार्डच (शिकलेल्या परदेशी लोकांचा कामाचा परवाना) घे. ब्लू कार्डवर कायमचा परवाना २७ महिन्यांनी मिळतो, पण जर्मन भाषा बी१ पातळीची असेल तर २१ महिन्यांनी. तुझं कॉन्ट्रॅक्ट २४ महिन्यांचं, मग काय ते तूच बघ, क्लास आजपासनं लाव. आणि कॉन्ट्रॅक्ट संपायच्या तीन महिने आधी जॉब ऑफिसात नोंद करायची, एक्स्टेन्शनचं तोंडी आश्वासन असलं तरी, मी हे चुकलो होतो.

निघायच्या आधी एकदा पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत जाऊन ये. आदित्य एल१ वरचा सूट टेलिस्कोप त्यांनीच केलाय, या धंद्यातली भाषा तिथं कानावर पडेल.

आणि ऑफर लेटरमध्ये मुदतीचं कारण काय लिहिलंय ते बघ. काहीच कारण नसेल तर इथल्या कायद्यानं तसं कॉन्ट्रॅक्ट साधारण दोन वर्षांपर्यंतच चालतं, पुढं वाढवायला त्यांना प्रोजेक्ट फंडिंगसारखं ठोस कारण दाखवावं लागतं. ते पान मला फोटो काढून पाठव, नाव-पत्ता झाकून.