शब्दांची विचारपूस: आजचा ब्लॉक आणि आमचा ब्लॉक

प्रश्न: अमेरिकेत वाढलेला नातू सुट्टीला आलाय. रविवारी त्याला म्हटलं, ‘आज ब्लॉक आहे, आपण ब्लॉकवरच बसू.’ तो नुसता बघत राहिला. आमचं इंग्रजी चुकतं का?
– एक आजी, मुलुंड

उत्तर: आजी, ब्लॉक म्हणजे मुळात झाडाचा ओंडका, ठोकळा. डचमधून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. ‘ब्लॉक करणं’, म्हणजे अडवणं, हे त्याच घरातलं. नातवाच्या अमेरिकेत चार रस्त्यांच्या मधली वस्ती म्हणजे ब्लॉक. आपण ‘दोन गल्ल्या सोडून’ म्हणतो, तिथे ते दोन ब्लॉक मोजतात.

तुमचा पहिला ब्लॉक रेल्वेचा. रुळांच्या कामासाठी ठरावीक तास गाड्या बंद ठेवतात तो ट्रॅफिक ब्लॉक, वरच्या तारेतला प्रवाह तोडतात तो पॉवर ब्लॉक. मध्य रेल्वे मेगाब्लॉक म्हणते, पश्चिमवाल्यांचा जंबोब्लॉक. (उशीर दोन्हीकडे सारखाच.) २०२४ च्या जूनच्या तोंडावर ठाण्याचा फलाट रुंद करायला तब्बल ६३ तासांचा घेतला होता, आठवत असेलच.

दुसरा ब्लॉक मात्र अस्सल आपला. इंग्लंडात ‘ब्लॉक ऑफ फ्लॅट्स’ म्हणजे अख्खी इमारत. आपण इमारतीचं नाव उचललं आणि आतल्या एका घराला देऊन टाकलं! १९७४ साली आम्ही गिरगावातली चाळ सोडून डोंबिवलीला गेलो, तेव्हा आई येईल-जाईल त्याला सांगायची, ‘ओनरशिपचा ब्लॉक घेतलाय, सेल्फ-कंटेन्ड.’ चाळीत होती ती खोली. संडास आत आला की खोलीचा ब्लॉक व्हायचा. पहिल्या सकाळी ती सवयीने टमरेल घेऊन दारापर्यंत गेली, कडी काढली आणि तिथेच उभी राहून हसायला लागली. माझ्या मुलीला हे सांगितलं तर ती विचारते, ‘म्हणजे वन बीएचके ना?’ तिच्या लेखी ब्लॉक फक्त फोनवर करतात, नको असलेल्या माणसाला.

तेव्हा इंग्रजी चुकलेलं नाही, तुमचं वाक्य मराठीच होतं. नातवाला मूळ अर्थ दाखवायचा तर खाली फुटपाथवर न्या. पेव्हर ब्लॉक, ठोकळेच ते. फक्त सैल झालेल्यावर पाय देऊ नका म्हणावं. पावसाळ्यात खालच्या पाण्याची चिळकांडी थेट गुडघ्यापर्यंत येते.