अँटेना की नकाशे?

प्रिय विद्यार्थिनी,

इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला असताना तुला नकाशांची गोडी लागली. ‘डिश अँटेना काय, नकाशा काय, दोन्हीकडे विरूपणच, म्हणजे आकारातला बिघाडच, सुधारायचं, मग एक शिकलं की दुसरं येईल ना?’ असं तू विचारतेस. प्रश्न मनापासून आवडला. पण माझं उत्तर अर्धंच ‘हो’ आहे.

नकाशातलं विरूपण पूर्ण जातच नाही. गोलाचा पृष्ठभाग ताणल्याशिवाय सपाट होत नाही, हे गणितज्ञ गाउसच्या 1827 च्या प्रमेयातून निघतं. म्हणून तिथे काय जपायचं ते निवडावं लागतं. नकाशाकार मर्केटरने 1569 मध्ये आपल्या नकाशात कोन जपले, कारण खलाशाला दिशा हवी होती. त्यापायी 60 अंश अक्षांशावरचं क्षेत्रफळ विषुववृत्ताच्या तुलनेत चौपट दिसतं.

डिशला मात्र हवा तो आकार ठरलेला असतो, बहुधा पॅराबोलाचा. वजन, ऊन आणि वारा तो बिघडवतात. लहर पृष्ठभागावर येऊन परत फिरते, त्यामुळे तिथली चूक तिच्या मार्गात जवळजवळ दुप्पट होते. पृष्ठभागाच्या चुकीने किती नुकसान होतं ते सांगणाऱ्या रूझच्या सूत्रात आकडे घालून बघ: 2 सेंटिमीटर तरंगलांबीला पृष्ठभागाची आरएमएस चूक (म्हणजे चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) 1 मिलिमीटर असेल तर सुमारे एक तृतीयांश गेन, म्हणजे एका दिशेला संकेत एकवटण्याची अँटेनाची क्षमता, जातो, 2 मिलिमीटर असेल तर जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. जर्मनीतल्या एफेल्सबर्गची 100 मीटरची रेडिओ दुर्बीण मला म्हणूनच फार सुंदर वाटते. कलवली की ती वाकते, पण सांगाडा असा रचलाय की वाकूनही पॅराबोलाच राहतो. नाभी, म्हणजे लहरी एकवटतात तो बिंदू, सरकते, तिच्याप्रमाणे रिसीव्हर हलवायचा. वाकणं टळत नाही म्हटल्यावर कसं वाकायचं ते त्यांनी ठरवलं! इथे अभियंता नकाशाकाराच्या अगदी शेजारी येऊन बसतो.

आता तुझं. पत्रात प्रक्षेपणांवर, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतींवर, दीड पान आहे, अँटेनावर दोन ओळी. माझा कौल नकाशांकडे, पण पदवी सोडू नकोस. ती पूर्ण कर आणि पुढे जिओडेसी (पृथ्वीचा आकार मोजण्याचं शास्त्र) किंवा फोटोग्रामेट्रीत पदव्युत्तर शिक्षण घे. हवाई छायाचित्रांवरून नकाशे करणारी फोटोग्रामेट्री डिशचा पृष्ठभाग मोजायलाही वापरतात, त्यामुळे आजवर शिकलेलं वाया जाणार नाही. लीस्ट स्क्वेअर्स (मोजमापांना कमीत कमी चुकीने जुळणारं उत्तर काढण्याची पद्धत) आणि डिफरन्शिअल जॉमेट्री (वक्र पृष्ठभागांचं गणित) आत्तापासूनच पक्की कर, दोन्हीकडे लागेल.

निर्णयाआधी एक प्रकल्प कर. एखाद्या जुन्या डिशवर ठिपके चिकटव, सगळ्या बाजूंनी फोटो काढ, त्या बिंदूंना सगळ्यांत जवळून जुळणारा पॅराबोलॉइड (पॅराबोला फिरवून होणारा वाडग्यासारखा आकार) गणिताने बसव आणि आरएमएस चूक किती येते ते मला कळव.