पगार कुठून केला, हे सांगायचं कुणाला?

प्रश्न : नाशिकच्या अंबडला माझं शीटमेटलचं छोटं युनिट आहे, १४ माणसं कामाला, दोन पॉवर प्रेस आणि एक बेंडिंग मशीन. सत्तर टक्के काम एकाच कंपनीचं येतं. पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, ९० दिवसांचं पेमेंट लिहिलेलं असतं आणि हातात यायला १२० दिवस लागतात, पत्रा मात्र आम्हाला रोखीनं उचलावा लागतो. घरी सांगावं तर बायको रात्रभर जागी राहते, वडील निफाडला द्राक्ष करतात त्यांना वाटतं पोरगा कारखानदार झाला, आणि कामगारांना तर काही बोलायची सोयच नाही. ओळखीच्या एकांनी आठ जणांच्या ग्रुपमध्ये बोलावलंय, सगळे छोटे उद्योजकच आहेत, महिन्यातून एकदा बसतात आणि आपापल्या धंद्याचं बोलतात. पण आपलं आतलं परक्यांना कशाला सांगायचं, उद्या एमआयडीसीभर झालं तर? शिवाय अर्धा दिवस जाणार. जावं का?
– एक वाचक, अंबड

उत्तर : जा. या महिन्याचीच बैठक गाठा.

तुमचं पत्र वाचताना मला माझीच पहिली बैठक आठवली. सातपूरला माझा कोरुगेटेड बॉक्सचा, म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यांचा, कारखाना होता, २०१९ ची गोष्ट, गाड्यांचा खप पडला होता आणि ऑटोवाल्यांचं काम कमी झालं की नाशिकमध्ये आमच्यासारख्या पॅकिंगवाल्यांपर्यंत त्याची झळ लगेच पोचते. सात जण होतो, एकाच्या गोडाऊनमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसलेलो. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, चाललंय बरं, थोडं टाइट आहे. समोर फौंड्रीवाले एक काका बसले होते, त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, या महिन्याचा पगार कुठून केला?" मी पाटल्या गहाण ठेवून केला होता. हे घरात फक्त मला आणि सोनं घेऊन गेलेल्या भावाला माहीत होतं, आणि तिथं सहा परक्या माणसांसमोर ते तोंडातून निघून गेलं. कुणी अरेरे केलं नाही, उपदेश तर नाहीच नाही. काका म्हणाले मी मागच्या वर्षी शेताचा तुकडा ठेवला होता, आणि मग शांतपणे विचारायला लागले, येणं किती आहे, कुणाकडे किती दिवसांपासून आहे, बिलं कुठल्या तारखेला देतेस. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला झोप लागली. पैसे कुठूनच आलेले नव्हते, पण खरा आकडा पहिल्यांदा कुणासमोर तरी बोलले होते.

माझ्या मते अशा ग्रुपची खरी किंमत हीच आहे. बायको, वडील, कामगार, बँकेचा मॅनेजर, सीए, सगळे तुमच्या भल्याचेच असतील, पण प्रत्येकाचं काहीतरी तुमच्यात अडकलेलं आहे त्यामुळे त्यांच्याशी बोलताना तुम्ही आकडा थोडा गोड करून सांगता. ग्रुपमधल्या माणसाचं काही अडकलेलं नसतं, आणि त्यानं तोच चटका खाल्लेला असतो.

आता निमा, आयमा या आपल्या उद्योजक संघटनांशी याची गल्लत करू नका. रस्ते, वीज, प्लॉट, सरकारदरबारी पाठपुरावा यासाठी त्या संघटना हव्यातच, तुम्ही सभासद नसाल तर व्हा. बीएनआयसारखे ग्रुप वेगळे, ते १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झाले, एका चॅप्टरमध्ये एका व्यवसायाचा एकच माणूस आणि एकमेकांना कामं द्यायची, त्याचाही उपयोग आहे पण तिथं माणूस इस्त्रीचा शर्ट घालून जातो आणि आपली चांगलीच बाजू दाखवतो. तुम्हाला बोलावलंय ते तिसरंच आहे, आणि ते काही आजचं फॅड नाहीये. बेंजामिन फ्रँकलिननं १७२७ साली फिलाडेल्फियात अशीच मंडळी जमवली होती, स्वतः तेव्हा विशीतला छपाईवाला, सोबत कारागीर आणि दुकानदार, दर शुक्रवारी संध्याकाळी बसायचे. त्यांच्या ठरलेल्या प्रश्नांत एक असा होता की गावात नुकताच कुणाचा धंदा बुडाला का आणि त्याचं कारण काय ऐकलंत. तीनशे वर्षं होत आली, अजूनही मला यापेक्षा कामाचा प्रश्न सापडलेला नाही.

आणि एवढ्या लांब कशाला, वडिलांना विचारा. छाटणीनंतर पाऊस झाला की बागाईतदार एकमेकांच्या प्लॉटमध्ये जातात, पान उलटं करतात, खालून पांढरी बुरशी दिसते का बघतात, दिसली तर तिथंच उभं राहून कधी कुठली फवारणी केली ते सांगतात. डाऊनी, म्हणजे तीच बुरशी, आली हे कुणी लपवत नाही, कारण शेजाऱ्याच्या बागेतली डाऊनी आपल्याकडे यायला वेळ लागत नाही. कारखान्यात मात्र आपण पान उलटं करूच देत नाही.

पेमेंटचं सांगते, कारण तुमचं खरं दुखणं तेच आहे. तुम्ही उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे नोंदणी, केलंय का ते लिहिलं नाहीत, नसेल तर आज करा. २००६ च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत, पीओवर ९० लिहिलं म्हणून ९० होत नाहीत, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. त्यात २०२३-२४ पासून आयकरात ४३बी(एच) हे कलम आलं, म्हणजे मुदतीत पैसे दिले नाहीत तर ज्या वर्षी खरोखर देतील त्याच वर्षी कंपनीला तो खर्च दाखवता येतो. हे तुमच्या सीएनंही सांगितलं असेल. पण उशिरा पेमेंटची सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली तर पुढची ऑर्डर येईल का, ही भीती कायद्यात लिहिलेली नसते. ती ज्यानं पार केली तोच सांगू शकतो की आधी बिलावर उद्यम नंबर छापायला सुरुवात कर, मग मार्चला कंपनीचं हिशोबाचं वर्ष संपायच्या आधी परचेसवाल्याला सोडून थेट अकाउंट्समध्ये जाऊन बस, कंपनी मोठी असेल तर ट्रेड्सवर, म्हणजे फायनान्सरला बिलं विकायच्या ऑनलाइन व्यवस्थेवर, बिल टाकायला सांग. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथं नोंदणी आता बंधनकारक आहे, बिल विकलं की पैसे लवकर हातात येतात, आणि पुढे कंपनीनं नाही दिले तरी फायनान्सर तुमच्याकडे मागायला येत नाही. तक्रार अगदी शेवटी.

एकदा मी बैठकीला वीजबिल नेलं होतं, दुसऱ्याच कशासाठी तरी. शेजारच्यानं सहज हातात घेतलं आणि विचारलं, एवढा लोड कशाला ठेवलाय? जुनं कोरुगेशन मशीन विकून दोन वर्षं झाली होती, मंजूर लोड तसाच होता आणि मी दर महिन्याला त्याच लोडचा डिमांड चार्ज भरत होते. दोन वर्षं ते बिल माझ्या टेबलावर येत होतं बरं का.

गावभर होण्याची भीती रास्त आहे. जायच्या आधी तीन गोष्टी विचारून घ्या. तुमच्याच कंपनीला माल देणारा, तुमचंच काम करणारा कुणी त्यात आहे का, असेल तर दुसरा ग्रुप बघा. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही हे फक्त गृहीत धरलंय की प्रत्येकानं तोंडानं कबूल केलंय, आणि कुणी मोडलं तर त्याला खरंच काढतात का. मागच्या महिन्यात ठरलेलं केलंस का असं पुढच्या बैठकीत विचारतात का, कारण हे नसेल तर तो नुसता चहा-भज्यांचा कार्यक्रम होतो. आणि एक, तिथं मिळून दर ठरवायची भाषा कुणी केली तर उठून या, २००२ च्या स्पर्धा कायद्यात त्याला मनाई आहे आणि दंड मोठा आहे.

अर्धा दिवस जाईल म्हणता, तर तीन बैठका करून मग ठरवा. पहिल्या बैठकीला जाताना कोणाकडून किती येणं आहे, कुणाला किती देणं आहे आणि पुढचे तीन पगार कुठून होणार, हे एका कागदावर हातानं लिहून न्या. आधी घरी बायकोला दाखवा. तिची झोप तशीही उडालेलीच आहे, निदान आकडा तरी खरा कळेल तिला.