कोल्हापूरहून रत्नागिरी फिल्ड व्हिजिट: आधी ओहोटी बघा, मग बस बुक करा

मॅडम, तुम्ही लिहिलंय की एसवायच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, २५ मुलांना पौर्णिमेच्या रविवारी पहाटे कोल्हापूरहून काढायचं, अकरापर्यंत रत्नागिरी, खडकाळ किनारा बघून रात्री परत. उधाणाचे दिवस धरलेत ते बरोबरच, पाणी जास्त मागे जातं, पण आपल्याकडे पौर्णिमा-अमावास्येला भरतीच अकरा-बाराला असते, म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा सगळा कातळ पाण्याखाली. जुना हिशोब आहे ना, तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ मिळते, पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराचे सव्वाअकरा, आणि ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी, म्हणजे अंधारात. म्हणून मी द्वितीया-तृतीया धरते, उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी सकाळी सात-आठच्या दरम्यान येते. हा नुसता अंदाज, तारीख पक्की करायच्या आधी रत्नागिरीचं टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता, बघाच. आणि आदल्या रात्री मुक्कामाला या, खर्च वाढतो पण त्याशिवाय हा दिवस हाती लागत नाही.

पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी किनाऱ्यावर उभं राहायचं आणि पाणी उतरेल तसं खाली जायचं. वरून पाण्यापर्यंत दोरी टाका, दर पाच मीटरवर पीव्हीसी पाइपची ५० बाय ५० सेंमीची चौकट ठेवून मोजायला लावा. वर लिटोरिना ही बारीक गोगलगाय, मग बार्नेकल हे कातळाला चिकटलेले कवचवाले जीव, मग कालवं, खाली झोअँथिड या फुलासारख्या मऊ प्राण्यांचे गालिचे आणि सरगॅसम हे समुद्री शेवाळ, हे पट्टे मुलांच्या वहीत आपोआप उमटतात. गेल्या खेपेला एक मुलगी दहा सेंमीच्या एका चौकोनातले बार्नेकल मोजत अर्धा तास उकिडवी बसली होती, पाण्यातल्या बार्नेकलनी पिसासारखे पाय बाहेर काढले आणि ती मोजायचंच विसरली. तिला मी उठवलं नाही.

दगड उलटला तर तसाच परत ठेवायचा, यात मी अजिबात सूट देत नाही. खालच्या बाजूला स्पंज, अंडी, पोर्सेलिन खेकडे असतात, ऊन लागलं की तासाभरात मरतात. म्युझियमसाठी सॅम्पल गोळा करू नका, फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. प्रवाळ आणि सी कुकंबर (काकडीसारखा दिसणारा मऊ समुद्री प्राणी) तर २००१ पासून वन्यजीव कायद्याखाली आहेत, हातही लावायचा नाही, आणि कोनसारखा निमुळता शंख जिवंत असेल तर उचलायचा नाही, त्याचा डंख विषारी असतो.

ओहोटीची वेळ झाली की वीस मिनिटांत सगळे मागे. एकदा मी उशीर केला, समोर पाणी लांबच दिसत होतं पण मागची घळ भरत आली होती, कालवं काढणाऱ्या एका काकूंनी हाक मारून वरची वाट दाखवली, मुलं कमरेएवढ्या पाण्यातून आली. तेव्हापासून एक जण फक्त घड्याळ आणि मागची घळ बघायला. पायात जुने कॅनव्हासचे बूट, चप्पल नको, कालवाची धार ब्लेडसारखी लागते.

दुपारी कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात जा, १९५८ पासूनचं आहे, मत्स्यालय आणि देवमाशाचा सांगाडा मुलांना आवडतो, पण कॉलेजचं पत्र आधी पाठवा. वेळ उरला तर भाट्याच्या खाडीत क्षारता मोजा, काजळी नदीचं पाणी मिसळतं तिथे आकडे कसे उतरतात ते मुलांना स्वतःला काढू दे.

तारखा कळवा, मी ओहोटीच्या वेळा बघून सांगते.