जर्मनीला येणार असशील तर रजेचं नीट ऐक

भावा, शिरोलीची नोकरी सोडून न्यूर्नबर्गला यायचंय म्हणालास, ऑफर लेटरवर ३० दिवस रजा लिहिलीय ती खरंच मिळते का अन् हातात किती पडतं असं विचारलंस. व्हिसा, ब्लू कार्ड वगैरे मी सांगत बसत नाही, ते सरकारी साईटवर सगळं आहे. मी २०१६ ला इकडं आले, जर्मन शिकून २०१८ च्या सप्टेंबरात एका छोट्या कंपनीत पगार-रजेच्याच कामाला लागले, अन् त्याआधी सहा वर्षं गोकुळ शिरगावला फौंड्रीच्या टाईम ऑफिसला होते. तुझा प्रश्न वाचला अन् रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितेय.

आधी तिकडचं. चार वर्षं नऊ महिने झालेत ना, मग तीन महिने थांब. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला पाच वर्षं पूर्ण लागतात. शेवटचा बेसिक अन् डीए भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं, म्हणजे २६,००० धरले तर ७५,००० झाले, एवढे पैसे कशाला सोडायचे? जॉइनिंग पुढं ढकला म्हणायला लाजू नको, इथले लोक स्वतःच तीन-तीन महिन्यांच्या नोटिशीवर असतात, त्यांना त्यात काही वाटत नाही. पीएफ गडबडीत काढू नको, २०१७ पासून दोन्ही देशांचा करार आहे, पेन्शनला दोन्हीकडची वर्षं एकत्र धरतात. फक्त यूएएनला, म्हणजे तुझ्या पीएफच्या नंबरला, एक्झिट डेट पडली का ते निघायच्या आधी बघ.

आता रजा. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्यानं कमीत कमी २० दिवस, तुझे वरचे १० करारातले. मिळतात, खरंच मिळतात. पण पहिले सहा महिने प्रोबेशन, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी पाठवू शकतात, म्हणून आपली माणसं रजेचं तोंडच उघडत नाहीत. वर्षाचा पूर्ण हक्क सहा महिन्यांनी येतो हे खरं, पण त्याआधी रजा नाहीच असं नाही, महिन्याला बारावा हिस्सा जमा होत असतो.

हे मला माहीत होतं बघ. माझं कामच ते. डिसेंबरात आमच्या आबांना ॲडमिट केलं, भाऊ फोनवर म्हणाला आक्का येऊन जा, अन् मी म्हटलं फेब्रुवारीत प्रोबेशन संपतंय, मार्चला येते. रोज सकाळी सिस्टीम उघडली की माझ्याच नावापुढं १० दिवस शिल्लक दिसायचे, चार महिन्यांचे. मी मागितलेच नाहीत. जानेवारीत आबा गेले. फ्रँकफर्ट-मुंबई विमान अन् मग रात्रभर गाडी, पंचगंगेच्या घाटावर पोचले तेव्हा रक्षा भरून झाली होती. आई-वडील गेल्यावर किती दिवस द्यायचे याचा आकडा कायद्यात नाही, आमच्याकडं दोन देतात, ते दोन अन् वर तीन घेऊन सहाव्या दिवशी परत निघाले. बाराव्याला मी नव्हते. परत आल्यावर साहेब म्हणाला, डिसेंबरातच का नाही सांगितलंस?

फौंड्रीत एका मोल्डरनं आईच्या दवाखान्यासाठी आठ दिवस मागितले होते, डिस्पॅचची गडबड होती, मी चार मंजूर केले. त्याच्या लीव्ह कार्डावर काळ्या वाळूचा अंगठा उमटला होता. तो अंगठा आता लई आठवतो.

आपल्याला सवय रजा साठवायची, दिवाळीला पैसे करून घ्यायचे. इथं नोकरी चालू असताना कायद्यातल्या २० दिवसांचे पैसे करता येत नाहीत, नोकरी सोडतानाच उरलेल्याचे मिळतात. राहिलेली रजा साधारण पुढच्या ३१ मार्चपर्यंत, कंपनीनं तसं आधी बजावलेलं असलं तर नंतर जाते. अन् तापाला रजा टाकू नको, आजारपण वेगळं असतं, पहिले चार आठवडे झाले की आजारात सहा आठवडे पूर्ण पगार कंपनी देते. रजेवर असताना आजारी पडलास अन् डॉक्टरची चिठ्ठी असली तर ते दिवससुद्धा परत मिळतात.

पोरगी पहिलीत जाईल म्हणालास. इथं, न्यूर्नबर्गच्या बव्हेरिया राज्यात, चौथीतच ठरतं पोरगं कुठल्या शाळेत जाणार, मे महिन्यात दाखला मिळतो, जर्मन, गणित अन् परिसर अभ्यासाची सरासरी २.३३ किंवा त्याच्या आत असेल तर गिम्नासिउम, म्हणजे युनिव्हर्सिटीकडं नेणारी शाळा. इथं आकडा जेवढा कमी तेवढा चांगला. माझ्या पोराला २.६६ पडले, जर्मननं मारलं, रेआलशूलेला गेला, म्हणजे दहावीपर्यंतच्या मधल्या शाळेला. पालकांना भेटायची बाईंची वेळ सकाळची असायची, अन् मी वर्षभर अर्धी-अर्धी रजा घेतली नाही, का तर उन्हाळ्यात कोल्हापूरला जायला दिवस पुरवायचे होते. तो काही बोलत नाही, चांगला चाललाय, पण मला अजून पचलेलं नाही. तीन दिवसांचे चाचणी वर्ग असतात, त्यातून पास झालं तर गिम्नासिउमला जाता येतं, तेही आम्ही करायला पाहिजे होतं.

पगाराचं थोडक्यात. बायको मागनं येणार असेल तर ती येईपर्यंत तुला टॅक्स क्लास १, म्हणजे एकट्या माणसाचा, लागणार, हातात कमी पडणार. आमच्या लग्नाच्या दाखल्यावर माझं माहेरचं नाव अन् पासपोर्टवर सासरचं, त्या एका ओळीपायी क्लास बदलायला एका ऑफिसनं चार महिने फिरवलं. जास्तीचा टॅक्स पुढच्या वर्षी रिटर्न भरल्यावर मिळाला, पण ते चार महिने भाडं भागवताना जीव गेला. दोघांची नावं सगळ्या कागदांवर एक करूनच विमानात बस.

एकटेपणाचं विचारलंस, तो होतो, सगळ्यांनाच होतो, त्यावर मी लिहीत नाही.

सही करायच्या आधी एचआरला एक मेल टाक, प्रोबेशनमध्ये घरी काही झालं तर रजा कशी देता, अन् उत्तर लेखी घे. त्यांना राग येत नाही. अन् वडिलांचं ऑपरेशन झालंय असं तू शेवटी एका ओळीत लिहिलंयस, ते कधी झालं? तुझ्या जॉइनिंगच्या आधी का नंतर त्यांची पुढची तपासणी आहे?