जाक ताती यांनी इतके कमी चित्रपट का केले?

जाक ताती एवढे नावाजलेले फ्रेंच विनोदी चित्रपटांचे दिग्दर्शक असूनही त्यांच्या नावावर पूर्ण लांबीचे सहाच चित्रपट कसे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते याचे उत्तर त्यांच्या कामाच्या पद्धतीत आहे; ती वेळखाऊ होती आणि पुढे तर कमालीची खर्चीक झाली.

१९०७ साली पॅरिसजवळच्या ल पेक गावी जन्मलेल्या तातींच्या घरी तसबिरींच्या चौकटी बनवण्याचा धंदा होता. त्यात त्यांचे मन रमले नाही. रग्बीच्या संघातल्या सोबत्यांना खेळाडूंच्या नकला करून हसवता हसवता ते रंगमंचावर आले आणि पहिला मोठा चित्रपट हाती घेईपर्यंत चाळिशीला पोचले. तो रंगीत चित्रित केला, पण त्या रंगतंत्राच्या प्रती निघेनात, म्हणून १९४९ मध्ये तो कृष्णधवल रूपातच प्रदर्शित झाला. (रंगीत प्रत त्यांच्या मुलीने १९९५ मध्ये लोकांपुढे आणली.)

१९५३ पासून ते स्वतःच साकारत असलेला मस्य उलो, म्हणजे तोंडात पाइप धरून पुढे झुकत चालणारा उंचाडा गृहस्थ, घरोघरी ठाऊक झाला. ऑस्कर मिळवणाऱ्या 'मों ओंक्ल'मध्ये उलोची श्रीमंत बहीण दाराची घंटा वाजताच अंगणातले माशाच्या आकाराचे कारंजे सुरू करते आणि आलेला माणूस 'आपलाच' निघाला की तत्काळ बंद करते. प्रतिष्ठेच्या हव्यासावर एवढे नेमके भाष्य क्वचितच पाहायला मिळते, आणि त्यासाठी संवादाची गरजही भासत नाही.

'प्लेटाइम'साठी मात्र त्यांनी पॅरिसच्या वेशीवर काचेच्या इमारतींचे आख्खे नगरच उभारले, नेहमीपेक्षा रुंद अशा ७० मिलिमीटरच्या फिल्मवर काही वर्षे चित्रीकरण केले आणि लोकांना हवा असलेला उलो मुद्दाम गर्दीत मागे ठेवला. १९६७ मध्ये चित्रपट पडला. तातींचे दिवाळे निघाले, आधीच्या चित्रपटांचे हक्कही हातून गेले आणि ते नगर पाडण्यात आले. त्यानंतर 'त्राफिक' (१९७१) आणि स्वीडिश दूरचित्रवाणीसाठी केलेला 'पराद' एवढेच जमले. १९८२ मध्ये ते वारले.

पाहायला सुरुवात करायची असेल तर 'मों ओंक्ल'पासून करावी. 'प्लेटाइम' मोबाइलवर पाहू नये. त्यात एकाच चौकटीच्या चार कोपऱ्यांत चार गमती चालू असतात, त्या लहान पडद्यावर दिसतच नाहीत.